जेवल्यावर देताय न्हवं?

कळसच्या मेडिकलवाल्याचा मला राग यायचा. गोळ्यांची पट्टी कात्रीत धरून तो प्रत्येकाला तेच विचारायचा, "जेवल्यावर देताय न्हवं?" उत्तर मिळेपर्यंत कात्री चालायची नाही. मी वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या, गुडघ्यांसाठी गोळ्या न्यायचो. "व्हय," म्हणायचो. खरं तर मी कधी पाहिलंच नव्हतं.

एकदा त्यानं पट्टी परत आत ठेवली. "चार महिनं झालं, राव. पोट जाळत्यात ह्या. आता डॉक्टरची चिठ्ठी आना."

"तू गोळ्या इकायला बसलायस का शाळा घ्यायला?" मी ओरडलो. लोक हसले. तो मान खाली घालून काउंटर पुसत राहिला, पण गोळ्या दिल्या नाहीत. मी त्या इंदापुरातून आणल्या.

तात्या पहाटे उपाशीपोटी, कोऱ्या चहाबरोबर गोळी घ्यायचे. उसाला पाणी धरताना गुडघे चालावेत म्हणून. पोटातली जळजळ त्यांनी कुणाला सांगितली नाही. शौचाला काळं होऊ लागलं आणि एक दिवस ते भोवळ येऊन सरीतच पडले. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी पोटात रक्तस्राव झालाय.

तात्या वाचले. स्वतःच्या थोबाडीत मारावी असं मला अजून वाटतं.

काल पोटाच्या औषधाची चिठ्ठी घेऊन त्याच दुकानात गेलो. आता हा चारचौघांत माझी लाज काढणार, असं वाटलं. त्यानं चिठ्ठी वाचली, कात्री उचलली. "ही मातर जेवनाआधी द्यायची. देताल न्हवं?"

"व्हय."

कात्री हलली नाही.

"सोताच्या डोळ्यानं बघून?"

माझी कानशिलं तापली. पण त्याच्यावर ओरडायची सोय मीच ठेवली नव्हती.