पिवळ्या पाटीची आत वळवलेली तार

आधीच सांगून टाकते, मी असले भुताखेताचे अनुभव वाचून हसणाऱ्यांतली आहे. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर हेच सदर उघडायचं आणि 'झोप पुरी झाली नसेल बाईची' म्हणत डबा संपवायचा, हा माझा नेम. रस्त्यात उतरून टाकलेलं लिंबू दिसलं की मी मुद्दाम त्यावरून गाडी घालते. तरी आज स्वतःच लिहायला बसलेय. घाबरलेय म्हणून नव्हे... मला राग आलाय. इतका की तो कुठंतरी ओतल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी मूळची गारगोटीची. सिव्हिलचा डिप्लोमा केला, वर सेफ्टीचा कोर्स केला आणि कोल्हापुरात एका बिल्डरकडे सेफ्टी सुपरवायझर म्हणून लागले. बिल्डरचं नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना साहेबच म्हणतो. ही गोष्ट घडली तेव्हा साहेबांच्या तीन साइट चालू होत्या – राजारामपुरीत एक, फुलेवाडीत एक आणि तिसरी उचगावकडं. राजारामपुरीची साइट क्लासेसच्या एका इमारतीला चिकटून. सकाळी शेजारी पोरांच्या सायकली आणि स्कूटींची ही गर्दी, आणि इकडं आमचा मिक्सर घरघरतोय. साहेबांचं ऑफिसही तिथंच, तळमजल्यावर.

साइटवरच्या पाट्या तुम्ही जाता-येता बघितल्या असतील. बघितल्या म्हणजे नजर गेली असेल, एवढंच. पिवळा त्रिकोण म्हणजे सावध, इथं धोका आहे. लाल गोलावर तिरकी रेघ म्हणजे हे करायचं नाही. निळा गोल म्हणजे हे केलंच पाहिजे – हेल्मेट, बूट, पट्टा. हिरवा चौकोन म्हणजे बाहेर पडायची वाट किंवा औषधाची पेटी. अक्षरांवर भरवसा ठेवून चालत नाही, कारण आमच्याकडं कोण निपाणीकडचं, कोण बिहारचं, कुणाला मराठी येत नाही तर कुणाला वाचताच येत नाही. रंग आणि आकार मात्र सगळ्यांना कळतो. म्हणून नवा माणूस आला की मी आधी त्याला पाट्या शिकवते, मग कामाला सोडते. लोक हसतात. हसू देत.

तर या पाट्यांचे साहेबांनी किती सेट घेतले असतील? एक. तीन साइटना मिळून एक!

बँकेचा इंजिनीयर येणार असला किंवा फ्लॅट बघायला गिऱ्हाईक येणार असलं की टेंपोत पाट्या चढायच्या. तिथं बांधायच्या, फोटो काढायचे, सोडायच्या आणि पुढच्या साइटला पाठवायच्या. वरातीतल्या घोड्यासारखी आमच्या पाट्यांची गत... आज या दारात, उद्या त्या दारात. मी भांडले. एकदा नाही, येता-जाता भांडले. साहेबांचं उत्तर ठरलेलं असायचं. "मॅडम, किती ताणालाय? पाट्यांवर इमारत उभी ऱ्हाती व्हय?"

या पाट्या बांधायचं काम बापूंचं. बापू म्हणजे आमचे सेंट्रिंगचे, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचे मिस्त्री, राधानगरीकडचे. फार गुणी माणूस होता वगैरे मी लिहिणार नाही. तोंडाळ होते, हेल्मेट घाला म्हटलं की वाद घालायचे आणि माझी थट्टा करण्यात त्यांना भारी मजा वाटायची. पिवळ्या त्रिकोणात खाली पडणारा माणूस काढलेली एक पाटी होती. तिच्या कोपऱ्याला बापू आपली भाकरीची पिशवी अडकवायचे. पिशवी अडकवून अडकवून त्या कोपऱ्याचा रंग खरवडला होता, पत्राही वाकला होता.

"बापू, पाटी पिशवीसाठी नाही हो."

"म्याडम, त्यो गडी पडालाय की. म्हटलं भाकरी खाऊन तरी पडूदे!"

असं बोलायचे आणि स्वतःच मोठ्यानं हसायचे.

एक सवय मात्र त्यांची वेगळी होती. सळ्या बांधायच्या बाइंडिंगच्या तारेनं पाटी बांधली की बाकीचे लोक तारेची टोकं तशीच सोडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात फाटतात. बापू पकडीनं दोन्ही टोकं आत वळवून त्याची बारीक कडी करायचे. टोक दिसायचंच नाही. साइटवर दुसरं कुणी तेवढा वेळ घालवत नव्हतं.

फुलेवाडीला तिसऱ्या मजल्यावर पाइपांच्या डक्टसाठी स्लॅबमध्ये उघडी जागा ठेवली होती. तिथं कठडा करा म्हणून मी मागे लागले होते. कठडा काही झाला नाही, त्याच्या जागी पिवळी पाटी उभी राहिली. मग लोकांना सवयच लागली – पाटी आहे तिथं खड्डा, वळून जायचं. आणि एका सकाळी राजारामपुरीला बँकेची माणसं येणार म्हणून ती पाटी सोडून टेंपोत टाकली. सोडणाऱ्यानं आपल्या परीनं शहाणपणा करून उघड्या जागेवर एक जुना प्लाय सरकवला. बापू थोड्या वेळानं खांद्यावर टेकू घेऊन तिथं आले. पाटी नाही, खाली प्लाय. सेंट्रिंगच्या माणसाला त्याचा अर्थ एकच – डक्ट बंद केला, काम पुढं गेलं. त्यांनी त्यावर पाय ठेवला.

मी तेव्हा राजारामपुरीत होते. त्याच पाटीशेजारी उभं राहून बँकेच्या माणसाला पिवळ्या त्रिकोणाचा अर्थ समजावून सांगत होते, आणि फोन आला.

साहेबांनी सगळीकडं सांगितलं, पाय घसरला. मग हळूच सांगितलं, घेतली असणार. बापू दारूला शिवत नव्हते हो! माळकरी माणूस, चहा सोडून कशाला हात लावत नव्हता. मेलेल्या माणसाच्या तोंडाला दारू लावताना यांची जीभ कशी झडत नाही?

त्या संध्याकाळी पाट्या फुलेवाडीला परत आल्या. ती पिवळी पाटी मी स्वतः उचलून तिथल्या स्टोअरमध्ये भिंतीला टेकवून ठेवली आणि कुलूप घालून किल्ली वॉचमनमामांकडं दिली. साहेबांना सांगितलं, ही पाटी आता टेंपोत चढणार नाही. त्यांनी मान डोलावली. फुलेवाडीचं काम तसंही थांबलं होतं.

आता मुख्य गोष्ट.

बापूंचा महिना व्हायच्या आतच, भर उन्हाची वेळ होती. राजारामपुरीत चौथ्या मजल्यावर प्लास्टर चाललेलं. लिफ्टच्या उघड्या जागेपुढं मी विटा रचून आडोसा करून घेतला होता, कारण इथंही कठड्याचे पाइप 'उद्या' येणार होते. मी खाली सिमेंटच्या गाडीपाशी होते, तेवढ्यात लक्ष्मीअक्का जिना उतरून आल्या. अक्का निपाणीकडच्या. डोक्यावर घमेलं घेऊन त्या चालल्या की वाटतं, यांना मान नाहीच, खांबच आहे.

"म्याडम, पाटी बांधलासा ते लई ब्येस केलासा. न्हायतर आज मी गेलतोच की खाली."

"कुठली पाटी, अक्का?"

"लिफ्टच्या तोंडाला ओ! उन्हातनं आत आलो, डोळ्यांम्होरं अंधारी आली. मालाचं घमेलं डोक्यावर. विटा असत्यात म्हणून सरळ चाललोतो... तर फुड्यात पिवळं दिसलं. विटा न्हाईतच की तितं!"

मी कुठलीही पाटी बांधली नव्हती. त्या दिवशी राजारामपुरीत एकही पाटी नव्हती, ती पिवळी फुलेवाडीच्या कुलपात आणि बाकीचा सगळा सेट उचगावला होता.

मी धावत वर गेले. आडोशाच्या विटा गायब. मधल्या भिंतीला कमी पडल्या म्हणून गवंड्यांनी सकाळी उचलून वापरल्या होत्या. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. आणि लिफ्टच्या तोंडाशी दोन टेकूंच्या मध्ये पाटी. पिवळा त्रिकोण, पडणारा माणूस. कोपरा वाकलेला, रंग खरवडलेला. तार नवी कोरी, चकचकीत. दोन्ही टोकं आत वळवलेली, बारीक कडी करून.

खरं सांगते, मला भीती नाही वाटली. माझं डोकंच फिरलं. वाटलं, कुणीतरी मेलेल्या माणसाची टिंगल चालवलीय. सगळ्यांना गोळा केलं आणि असा तोंडाचा पट्टा सोडला की शेजारच्या क्लासची पोरं खिडकीत आली. कुणी बांधली? पाटी आणली कुणी? गवंडी म्हणाले, विटा उचलताना तिथं काही नव्हतं. मी फुलेवाडीला वॉचमनमामांना फोन लावला.

"मामा, स्टोअर उघडून बघा."

"कुलूप हाय तसंच हाय की."

"उघडा म्हणते ना!"

दार करकरल्याचा आवाज आला.

"म्याडम... पाटी न्हाय ओ हितं. भिंतीला टेकून हुती तेवढी जागा सोडून समदीकडं धूळ हाय. किल्ली माझ्या करगोट्याला हाय ओ, आईशप्पत!"

गेटवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मी बसून बघितलं. वाळू आत आली, माणसं आली, डबे आले. पाटी कुणाच्याच हातात दिसली नाही.

साहेबांना कळवलं. हे साहेब माझ्या कठड्याच्या फोनला कधी धड उत्तर देत नसत. या फोनवर मात्र लगेच हजर, आणि सोबत पुजारी! पाटीपुढं नारळ फुटला, लिंबू कापलं, पाटीला हळदकुंकू लागलं आणि झेंडूचा हा जाड हार घातला गेला. हार नेमका त्या पडणाऱ्या माणसावर. त्रिकोण झाकला, माणूस झाकला, वरचं पिवळं टोक तेवढं उरलं. आणि त्या हाराच्या मागं लिफ्टचं तोंड तसंच उघडं, खाली चार मजले. साहेब डोळे मिटून हात जोडून त्याच्यासमोर उभे. यांना पाटीची भीती वाटत होती, खड्ड्याची नव्हती!

"मॅडम, शांत केलंय सगळं. आता काय व्हणार न्हाय. लावा कामाला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तो हार ओढून तोडला. फुलं लिफ्टच्या खड्ड्यात गेली. बायका "अगंऽ अव्वाऽ" म्हणून मागं सरकल्या.

"साहेब, ह्या पाटीवर काय काढलंय?"

"आता ते... वॉर्निंग हाय की."

"कसली वॉर्निंग? वाचा की! माणूस पडालाय तो! पूजा करून पडायचा थांबणार हाय काय? कठडा करा, कठडा!"

"आवाज खाली मॅडम. नोकरी करायची हाय न्हवं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात लक्ष्मीअक्कांनी घमेलं जमिनीवर पालथं घातलं आणि त्याच्यावर बसल्या.

"सायेब, जो कोण पाटी बांधून गेला त्यानं मला वाचीवलंय. कठडा झाल्याबिगर मी हितनं उठत न्हाय. काडून टाका हवं तर कामावरनं."

मग दुसरी बाई बसली. मग गवंडी. मग सगळा मजला. आणि काय सांगू, 'उद्या' येणारे पाइप दिवस मावळायच्या आत आले! वेल्डिंगवाला आला, कठडा उभा राहिला. पाठोपाठ उचगावलाही झाला. म्हणजे पाइप होते, वेल्डिंगवालाही होता. बापू जिवंत असताना तेवढा जीव मात्र कुणाचा जळला नव्हता.

साहेब आता म्हणतात, वॉचमननंच पाटी आणून बांधली असेल. मामांना गुडघेदुखीनं फुलेवाडीचा पहिला मजला चढवत नाही. कुणी म्हणतं, मीच बांधली. म्हणू देत.

त्यानंतर काही दिवसांनी बापूंच्या मंडळी त्यांची हत्यारं न्यायला ऑफिसात आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. सांगावं की नाही कळत नव्हतं, पण सांगितलं. "बघू द्या मला," एवढंच म्हणाल्या. आम्ही चार मजले चढून गेलो. कठडा झाला तरी पाटी मी सोडू दिली नव्हती. त्यांनी वाकलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवला, मग तारेच्या कडीत करंगळी घालून बघितली.

"गोठ्याच्या दाराला आसंच वळीवल्यालं हाय. पोरीच्या हाताला तार लागली हुती, तवापास्नं."

रडल्या नाहीत. मग माझ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही, पण मला आजवर कुणी इतकं झाडलेलं नाही.

"मेल्यावर त्येंनी फुलेवाडीस्नं हितं येऊन पाटी बांधली. आन् तुमास्नी जित्त्या माणसांस्नी हुती ती पाटी जाग्याला ठेवता आली न्हाय व्हय?"

पाटी तिथं कशी आली, याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही. मी पक्कड आणली, ती तारेची कडी तेवढी कापली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली आणि जिना उतरल्या.

नवा माणूस आला की मी अजूनही त्याला पाट्या शिकवते. पिवळा त्रिकोण, लाल गोल, निळा गोल, हिरवा चौकोन. शेवटी एक गोष्ट जास्तीची सांगते, जी कुठल्या कोर्सात नव्हती. पाटी दिसली नाही म्हणून खड्डा बुजलाय असं समजू नकोस. आधी विचार, आज पाटी कुठल्या साइटवर फोटोला गेलीय.