राहिलेला धवला

गेल्या रविवारी आत्याला गावाहून रोडपालीला आमच्या घरी घेऊन आले. सोफ्यावर बसवलं, चहा दिला, समोर स्टुलावर मोबाईल उभा केला... आणि म्हटलं, आता म्हण.

कारण माझी लेक. ती जर्मनीत शिकते, आणि तिच्या वर्गात प्रत्येकाने आपल्याकडे लग्न कसं लागतं ते सांगायचं होतं. कोरियाची मुलगी म्हणाली, आमच्याकडे बदकांची लाकडी जोडी ठेवतात. घानाचा मुलगा म्हणाला, मुलाकडची माणसं आधी मुलीच्या घरचं दार वाजवायला जातात.

आमच्या बाईसाहेबांनी सांगितलं, माझ्या आईच्या माणसांत लग्न बाई लावायची. पोथी नाही, पुस्तक नाही, सगळं गाण्यात. आणि ती बाई म्हणजे माझ्या आईची आत्या! वर्गात कुणाचा विश्वास बसेना. मग काय, मला फोन... आई, पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठव.

खोटं नाही ते. आमच्या आगरी लग्नात धवलारीण धवले म्हणते. देवांना बोलावते, दोन्ही घरांची नावं घेते, नवरानवरीला गाण्यातून एकेक विधी पार करत नेते. उरण रोडच्या आमच्या पट्ट्यात हिराआत्या म्हटलं की तीस वर्षांपूर्वी लोक तारीख तिला विचारून धरायचे.

आता लग्नं पळस्प्याच्या पुढे हॉलमध्ये लागतात. डीजे असतो, गुरुजी असतात, आत्याला पहिल्या रांगेत खुर्ची असते. कुणी तिला काढलं नाही... आम्हालाच ते जुनाट वाटायला लागलं, एवढंच. मी तरी कोण मोठी शहाणी, मीही तेव्हा काही बोलले नाही.

माझं आणि धवल्याचं मात्र वेगळं दुखणं आहे. माझं लग्न कोर्टात झालं, चोवीस वर्षांपूर्वी. प्रमोद विदर्भातला, आमच्यातला नाही. बाबांनी घरात सांगून टाकलं की कुणी जायचं नाही. आत्या त्यांची मोठी बहीण, पण तीही आली नाही.

लेक झाल्यावर सगळं निवळलं. येणंजाणं सुरू झालं, बाबा तर जावयाशिवाय जेवायला बसेनात. पण नंतर चुलतबहिणींच्या लग्नांत आत्याने धवला धरला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने मांडवाबाहेर जायचे. तिच्या तोंडून माझं नाव कधी आलं नाही, ते मला लागायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रमोदलासुद्धा नाही.

तर रविवारी आत्या मोबाईलकडे बघत नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "लगीन नाय त धवला कुनाचा म्हनू?"

मी म्हटलं, घे कुठलंही नाव, रेकॉर्डिंगच तर आहे. झालं, भडकली. देवांना आवतण देऊन बोलवायचं आणि मांडवात नवरीच नाही, ही काय थट्टा आहे, वगैरे वगैरे. लेकीचं नाव सुचवलं, तर लग्न ठरायच्या आधी पोरीचा धवला म्हणत नाहीत म्हणून आणखी बोलणी खाल्ली. मलाही राग आला. एवढं रिक्षाचं उन्हातलं येणं फुकट, असं पुटपुटत मी मोबाईल उचलायला गेले.

तेवढ्यात ती म्हणाली, "तुजा र्‍हायलाय."

मी मोबाईल होता तिथेच राहू दिला.

"जावयाचे गावची देवी कंची?" तिने विचारलं. मला माहीत नव्हतं! चोवीस वर्षांचा संसार, आणि नाही माहीत. प्रमोदची रविवारचीही ड्युटी होती, त्याला फोन लावला. तो आधी घाबरला, मग म्हणाला, मातामाय.

मातामाय... आत्याने ते दोन-तीनदा मांडीवर हाताने ठेका धरत म्हणून पाहिलं. आमच्या धवल्यात ही देवी कधी आलेलीच नव्हती, तिला जागा करावी लागणार होती. दोन शब्द गाळले, एक ओढून लांब केला, आणि बसली मातामाय आमच्या देवांच्या ओळीत.

पाट नव्हता, म्हणून मला सतरंजीवर बसवलं. प्रमोदच्या जागी सुपारी ठेवली. मला हळद लावली, डोक्यावर तांदूळ टाकले, आणि ऐंशीच्या घरातल्या त्या बाईने आवाज लावला. आवाज फाटला, मध्ये दोनदा दम लागला... पण माझं नाव आलं.

आणि मग बाबांचं नाव आलं. धवल्यात मुलीचा बाप मांडवाच्या दारात उभा राहून सगळ्यांना बोलावतो, या, माझ्या लेकीचं लग्न आहे. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा सगळ्यांना अडवणारे माझे बाबा त्या गाण्यात एकेकाला हाक मारत होते, आणि मी हमसून हमसून रडत होते.

संपल्यावर आत्याने पदराने माझं तोंड पुसलं. "तवा भावाचा आयकला मी," म्हणाली. "आयकाला नको व्हता." मग चहा गार झाला म्हणून दुसरा मागितला.

रेकॉर्डिंग लेकीला पाठवलं आहे. रडण्याचा आवाजही आहे त्यात, कापला नाही. तिथे कुणाला शब्द कळणार नाहीत, आणि त्यातली एक देवी नागपूरकडून आली आहे हेही नाही. रीत मोडते कशी ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, ती वाढते कशी ते परवा पाहिलं.

बाबा असते तर... जाऊ दे.

आत्या, थँक यू. आता माझं लग्न लागलं.