तिसरा गिअर आणि रिव्हर्स

आम्ही नेदरलंड्समधल्या नीउ-व्हेनेप गावी राहायला आलो त्या वर्षीची गोष्ट. शुक्रवारी मी घरून काम करायचो आणि जेवण झालं की सायकल काढून कालव्याच्या कडेने शेतांमधून एक फेरी मारायचो. अशाच एका दुपारी अरुंद रस्त्यावर एक गाडी उभी दिसली. फिकट हिरवी, जुनी अमेरिकन, आपल्याकडच्या दोन छोट्या गाड्या एकामागे एक लावाव्यात एवढी लांब. बॉनेट उघडं होतं आणि एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई तेल मोजायची पट्टी नाकाशी धरून तिचा वास घेत होत्या.

"धक्का देऊ का?" मी माझ्या मोडक्या डचमध्ये विचारलं.

"दे की. पण उपयोग नाही. इंजिन चालूच आहे."

खरंच चालू होतं. वाऱ्यामुळे मला ऐकू आलं नव्हतं. त्यांनी पट्टी माझ्या नाकासमोर धरली. "कसला वास येतो?"

"करपलेल्या ब्रेडसारखा."

"बरोबर. हे गिअरबॉक्सचं तेल. गिअर आपोआप बदलणारी गाडी आहे ही. आता मला सांग, पहिला गिअर पडतो, दुसरा पडतो. तिसऱ्यात गेली की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे जात नाही. आणि रिव्हर्स तर अजिबात नाही. काय बिघडलं असेल?"

मी पुण्यात मेकॅनिकल शिकलो आणि आमच्या वर्गातल्या बहुतेकांसारखा कॅम्पसमधूनच सॉफ्टवेअरमध्ये गेलो. गिअरबॉक्स मी फक्त परीक्षेच्या पेपरात काढला होता. पण प्रश्न सरळ होता. तिसऱ्याला आणि रिव्हर्सला, दोघांनाही लागतो आणि पहिल्या-दुसऱ्याला लागत नाही, असा एखादा भाग असला पाहिजे. मी तसं म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "एक क्लच आहे तसा. तू काय काम करतोस?"

"सॉफ्टवेअर."

"हरकत नाही," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या गिअरमध्येच सावकाश गाडी चालवत घरी निघाल्या आणि मी सायकलवरून मागे मागे गेलो. का गेलो ते मला आजही सांगता येणार नाही. ऑफिसची एक मीटिंग बुडाली एवढं खरं.

त्या दातांच्या डॉक्टर होत्या. आयुष्यभर त्यांनी गावातच दवाखाना चालवला. गाडी तरुणपणी हौसेने घेतलेली. एकदा तिचा गिअरबॉक्स बिघडला तेव्हा मेकॅनिक म्हणाला, हे कुणी उघडत नाही, काढून दुसरा टाका. बाईंना राग आला. त्यांनी तो स्वतः उघडला, बंद करता येईना, पुन्हा उघडला, आणि शेवटी चालवून दाखवला. तेव्हापासून जुन्या अमेरिकन गाड्या बाळगणारी माणसं लांबलांबून त्यांच्याकडे यायला लागली. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. मला ते फार आवडलं.

मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती, सारखी. "हे सुरू झालं त्याच आठवड्यात दवाखाना बंद केला," त्या म्हणाल्या. "माणसाच्या तोंडात ड्रिल घालून 'बघू या जमतंय का' असं म्हणता येत नाही. गाडी चालवता येते, पाने फिरवता येतात. पण आतलं बारीक काम नाही जमत. तुझे हात स्थिर दिसतात. शनिवारी येतोस?"

मी गेलो. त्यानंतरही जात राहिलो.

एका शेतकऱ्याची जुनी शेड त्यांनी भाड्याने घेतली होती. पूर्वी तिथे फुलांचे कंद साठवायचे, त्याचा कांद्यासारखा वास अजून भिंतींना होता. जॅक लावून आम्ही गिअरबॉक्स उतरवला आणि टेबलावर घेतला. बाई खुर्चीवर बसून सांगायच्या, मी करायचो. इंग्लिश येत असूनही शेडमध्ये त्या फक्त डच बोलायच्या. बायको म्हणायची, "डचच्या कोर्सला पैसे भरलेस त्यापेक्षा तिथेच जास्त शिकतोयस. फक्त आपल्याला ब्रेड घेताना क्लच हा शब्द लागत नाही."

आत काय असतं ते बघितल्यावर मी त्या दिवशी जेवायचं विसरलो. कॉम्प्युटर नाही, वायर नाही. अल्युमिनियमची एक जाड पाटी, तिच्यात तेलाच्या वाटांचं जाळं, आणि त्या वाटांवर लहान लहान झडपा आणि स्प्रिंगा. गाडी किती जोरात चालली आहे ते एका बाजूचं तेल सांगतं. मागच्या दांड्याबरोबर दोन वजनं फिरतात, वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि तेलाचा दाब वाढतो. इंजिनवर किती ताण आहे ते दुसऱ्या बाजूचं तेल सांगतं. हे दोन दाब एकाच झडपेला समोरासमोरून ढकलत असतात. चढावर ताण जिंकतो, म्हणून गिअर लवकर बदलत नाही. सपाट रस्त्यावर वेग जिंकतो आणि गाडी पुढच्या गिअरमध्ये जाते. मी रोज ज्या प्रकारचे 'जर-तर' कीबोर्डवर लिहितो, ते कुणीतरी पेन्सिलीने कागदावर काढून धातूत कोरले होते, आणि ते इतकी वर्षं तेलात बुडून काम करत होते.

"हुशार माणसं होती," मी म्हणालो.

"फार हुशार," बाई म्हणाल्या. "आणि त्यांना माहीत होतं की चालवणाऱ्याला यातलं काहीही कळायची गरज नाही. ते मला सगळ्यात जास्त आवडतं."

तो क्लच उघडला तर चकत्या काळ्या पडल्या होत्या. मला वाटलं, झालं, नव्या चकत्या घालू. बाई मात्र थांबल्या. "कीड काढून दात भरला की पेशंट खूश होतो. पण कीड का लागली? या का जळल्या?"

तेल कमी पडल्यामुळे, हे त्यांना माहीत होतं. गेले काही महिने पातळी सारखी खाली जात होती. गळती शोधायला त्यांनी खाली पुठ्ठे अंथरले होते, पण पुठ्ठे कोरडे राहिले. त्यांनी एक पुठ्ठा उचलून उजेडात धरला. मग म्हणाल्या, "आपण जमिनीकडे बघतोय. ती बारीक नळी काढ."

गिअरबॉक्सच्या बाजूला डबीएवढा एक भाग होता आणि एरवी इंजिनला जोडलेली नळी त्याला लोंबत होती. इंजिनचा ताण गिअरबॉक्सला कळतो तो या नळीतल्या हवेच्या ओढीने. मी नळीचं इंजिनकडचं टोक खाली वाकवलं, आणि तिच्यातून लाल तेल टपकलं. डबीतला रबरी पडदा फाटला होता. इंजिन त्या फटीतून तेल ओढून घेत होतं आणि जाळत होतं.

"म्हणून मागून पांढरा धूर यायचा!" बाई ओरडल्या. "आणि मी म्हणत होते, इंजिन म्हातारं झालं." त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला मिठीच मारली, हात तेलाने बरबटलेले असताना.

नवे भाग आले. जोडताना सगळ्यात अवघड काम होतं क्लचच्या पिस्टनचं. त्याच्या कडेला रबराचं सील असतं. त्याची पातळ ओठासारखी कड चारी बाजूंनी आत गेली पाहिजे, कुठे दुमडली तर तेल निसटतं. त्या दिवशी बाईंचे हात जरा शांत होते. त्या म्हणाल्या, "आज मी करते."

मी बाजूला झालो. त्यांनी सीलला व्हॅसलीन लावलं, दातात सिमेंट भरायची चपटी पट्टी घेतली आणि कड आत सारत गेल्या. श्वास रोखून केलेलं काम होतं. पिस्टन बसला. मग आम्ही हवेची परीक्षा घेतली: भोकातून हवा सोडायची, क्लच नीट असेल तर आतून 'थप्' असा भरीव आवाज येतो. हवा सोडली. नुसतं फुस्स झालं.

मी म्हणणार होतो की सीलच खराब असेल. त्याआधीच त्या म्हणाल्या, "कड दुमडली. मला हाताला जाणवलं होतं, पण वाटलं, बसली असेल. काढ बाहेर. दुसरं सील आहे आपल्याकडे." आवाजात काही नव्हतं, ना राग, ना रडू. पट्टी पुसून त्यांनी ती मुठीकडून माझ्या पुढे धरली, जशी दवाखान्यात सहायक डॉक्टरच्या हातात देते तशी. "आता तू डॉक्टर."

मी एवढा घाबरलो होतो की पट्टी घट्ट आवळून धरली होती. "सैल धर," त्या म्हणाल्या. "हिरडीला दुखतं. हं. आता गोल फिर. घाई नको. अडलं तर मागे ये, पुढे ढकलू नको." एवढ्या धीराने आणि इतकं नेमकं मला आजवर कुणी काही शिकवलं नव्हतं. पिस्टन आत सरकला. हवा सोडली, आणि 'थप्'. बाईंनी डोळे मिटून तो आवाज पुन्हा एकदा ऐकवायला लावला.

गाडी बाहेर काढली त्या दिवशी माझी बायकोही आली. ती मागच्या सीटवर बसली, मी पुढे. बाईंनी गाडी शेतांमधल्या रस्त्यावर घेतली. पहिला, दुसरा, आणि मग कुठेही धक्का न बसता इंजिनचा आवाज खाली उतरला. तिसरा.

"कधी बदलणार गिअर?" मागून बायकोने विचारलं.

"बदलला," बाई म्हणाल्या. आजवर कुणी केलेली सगळ्यात मोठी स्तुती त्यांना तीच वाटली असावी, कारण त्या बराच वेळ हसत होत्या.

पुढे एका छोट्या पुलाशी समोरून ट्रॅक्टर आला. दोघांना जागा नव्हती. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला चर. बाईंनी गाडी थांबवली, मान मागे वळवली आणि दांडा रिव्हर्सला टाकला. ती एवढी मोठी गाडी हलकेच मागे सरकायला लागली. स्टिअरिंगवरचे त्यांचे हात थरथरत होते आणि गाडी मात्र रस्त्याच्या मधोमध, सरळ रेषेत मागे जात होती. शेताच्या फाटकापाशी त्यांनी ती आत वळवली. ट्रॅक्टरवाल्याने जाता जाता टोपी उचलली.

"चल, आता तू चालव," त्या म्हणाल्या, आणि उतरून माझ्या बाजूचं दार उघडून उभ्या राहिल्या.