खानावळीतली ‘शू!’

ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या या स्वस्त खानावळीत पलीकडच्या टेबलावरचा म्हातारा तोंडातल्या पावासकट वादकांबरोबर गातोय. खूप वर्षांपूर्वी इथेच आमचे हेही असेच जेवता जेवता गुणगुणू लागले, तर त्यांच्या शेजारच्या शिष्ट बाईने, जणू गाण्याच्या बैठकीत बसल्यासारखं, त्यांना “शू!” केलं. हे गप्प झाले, ते जेवताना पुन्हा कधी गुणगुणलेच नाहीत. ती बया म्हणजे तिशीतली मीच. आज भेटली तर मेलीच्या इस्त्रीच्या साडीवर हा गरम रस्सा ओतीन! देवाने एकाच तोंडाला घास आणि सूर दोन्ही दिलेत, ते वेगळे करणारी तू कोण गं?

मी पाव चावत सूर लावला.

“आजी, शू! सगळे बघताहेत,” शेजारी बसलेली नात कुजबुजली.

“बघू देत. तूही गा, नाहीतर माझ्यासारखी होशील.”