कपाळावरचा हात

आमच्या समोरच्या खालांइतका लग्नाचा विचका करणारा माणूस अख्ख्या सुरतेत सापडणार नाही, आणि त्यांच्याइतकी लग्नाची हौसही कुणाला नव्हती. मूळच्या धुळ्याकडच्या. माझ्याशी अहिराणी, घरात हिंदी, भाजीवाल्याशी गुजराती, आणि भांडण तिन्ही भाषांत. कोसाडच्या आमच्या वसाहतीत मी साड्यांना लेस लावत बसले की त्या दारात येऊन टेकत आणि पैगंबरांच्या पहिल्या बीबींविषयी अशा बोलत, जणू त्या दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या नणंदबाईच आहेत. भरात आल्या की हिंदीवर जात. "खुद का कारोबार था. निकाह का पैगाम भी उन्होंने भेजा. और यहां लड़की दुकान पे बैठी तो इनकी नाक कटती है."

एकदा बायकांसाठी बयान, म्हणजे धर्माचं प्रवचन, ठेवलं होतं. धर्माने औरतला केवढी इज्जत दिली, हे मौलाना पडद्यापलीकडून भोंग्यावर सांगत होते. अलीकडून खाला म्हणाल्या, "दी तो थी, मौलाना. बीच में किसने रख ली?" बायका ओढणीआड हसल्या. पुढे खालांना बयानाचं बोलावणं कधी आलं नाही. उरलेली नानखटाई तेवढी घरपोच यायची.

पण खरी लढाई निकाहाच्या दिवशी. नवरीच्या वतीने नेमलेला वकील आणि साक्षीदार तिच्या खोलीत येऊन तिची कबुली विचारतात. लाजून गप्प राहिली तरी ती कबुलीच धरतात. तेवढाही भरवसा नको म्हणून एखादी चाची मागून नवरीचं डोकं हळूच खाली दाबते. मान हलली, लग्न लागलं. खाला नवरीशेजारी ठाण मांडून तिच्या कपाळावर तळहात धरत, कुणाला डोकं दाबताच येऊ नये म्हणून. "खामोशी लड़की की है," चाचीला सुनावत, "हाथ तेरा क्यूं?" वऱ्हाड ताटकळे, काझीसाहेब घड्याळ बघत. हे ऐकून मी हसले की माझ्यावर घसरत, "तुमनाकडे पोरले कोन इचारस?" खरंच होतं. आमच्यात विचारायचा विधीच नाही, त्यामुळे भांडायलाही जागा नाही.

या बाईला हरवायचं कसं, हे फक्त घरच्यांना ठाऊक होतं. बिर्याणीचं मीठ आपल्याशिवाय कुणाला कळत नाही, अशी खालांची पक्की समजूत होती.

नातीचं लग्न ठरलं. पोरगी नर्सिंग शिकत होती, तिला ते पुरं करायचं होतं. बापापुढे तोंड उघडेना, आजीपाशी येऊन रडली. खाला म्हणाल्या, "उस दिन मुंह से बोल देना. मेरा हाथ रहेगा." कतारगामच्या हॉलमध्ये त्या सकाळपासून तिला चिकटून बसल्या होत्या. मग त्यांचा मुलगा, नवरीचा बाप, आला आणि अगदी अदबीने म्हणाला, "अम्मी, बावर्ची घबरा गया है. नमक आप ही देख लो." खाला फुलल्या. मलाही ओढत मागच्या बाजूला घेऊन गेल्या. बावर्चीने एक डेग उघडली, मग दुसरी, मग म्हणाला, तळाचंही चाखा. मीठ सगळीकडे नेमकं होतं. ते खालांच्या ध्यानात आलं तोवर आतून मुबारकबादीचा गलका ऐकू आला.

आम्ही आत गेलो तेव्हा त्यांच्या हातात चमचा तसाच होता. दुसऱ्या हातावर कुणीतरी निकाहाच्या खारका ठेवल्या.

"लड़की ने मुंह से कहा?" त्यांनी सुनेला विचारलं.

"सर हिलाया ना, अम्मी."

नात खाली बघत होती. डोक्यावरची ओढणी मागून चुरगळली होती. खालांनी ती बोटांनी सारखी केली. त्या मुलाचा मला अजून राग येतो. आईला फसवायला त्याला तिचं कौतुकच सापडलं.

मधे थांबलेली लग्नांची बोलावणी आता पुन्हा येतात, कारण कुणाला त्यांची धास्ती उरलेली नाही. खाला जात नाहीत. घरच्या भाताचं मीठसुद्धा चाखत नाहीत, सुनेने घातलं तेवढं खातात.

परवा लेस लावता लावता मी विचारलं, "खाला, तुमच्या निकाहाला तुमच्याजवळ कोण बसलं होतं?"

त्यांनी आपला तळहात उचलून, इथे म्हणून दाखवावं तसा, स्वतःच्याच कपाळावर ठेवला. "आठे? आठे कोनीच नव्हतं, बेटी."

आणि कितीतरी वेळ हात तसाच ठेवून बसल्या.