न फुगलेली पुरी

लोककथांच्या अभ्यासातून एक गोष्ट मला पटली आहे: किस्से कोणी रचत नाही, ते साचतात. पोलादातल्या पोकळ्यांचेही तसेच असते, हे मला माझे वाशीचे शेजारी मोहिते सर यांनी शिकवले. अणुभट्टीत किरणोत्साराच्या माऱ्याने स्टेनलेस स्टीलमधले अणू जागेवरून उडतात. मागे राहिलेल्या रिकाम्या जागा एकत्र येतात, पोकळी होते आणि पोलाद फुगते. न फुगणारे पोलाद घडवणे हा सरांच्या प्रयोगशाळेचा ध्यास. तिथल्या चहाला मी नेमाने जातो; त्यातून हा संचय.

*

तिथे तपासायच्या तुकड्याला 'पुरी' म्हणतात. "पुरी फुगली का?" या प्रश्नाला "फुगली!" हे उत्तर सुतकी चेहऱ्याने येते. फुगलेल्या पुरीचा शोक करणारा दुसरा समाज माझ्या पाहण्यात नाही.

*

एकदा सोसायटीच्या लिफ्टमध्ये सर फोनवर हळहळत होते, "ही पण फुगली हो!"

वरच्या मजल्यावरच्या काकूंना राहवले नाही. "फुगायला नको असेल तर काट्याने टोचून घ्या ना!"

"किरणांनी टोचतोच आहोत, काकू. टोचल्यामुळेच फुगतेय!"

*

सरांची विद्यार्थिनी सुजाता. तिच्या पहिल्या पुरीत एकही पोकळी दिसली नाही. तिने पेढे वाटले. नंतर उमगले: मारा तुकड्याच्या एकाच बाजूला बसतो आणि पॉलिश करताना सुजाताबाईंनी नेमकी तीच बाजू घासून काढली होती!

सर म्हणाले, "अगं, थोबाडीत बसली तो गालच पुसून टाकलास!"

तेव्हापासून तिथे कुणी शुभवार्ता आणली की अभिनंदनाआधी विचारतात, "बाजू बघितली?"

*

सुजाताची आई मूळ साताऱ्याकडची, आता कामोठ्यात. त्या माउलीने गावच्या देवीला नवस केला: "लेकीची पुरी फुगू दे!" सुजाताने कपाळाला हात लावला.

"आई, फुगायला नकोय गं!"

"आता गं बया! देवीला एकदा सांगून झालंय की!"

फेडायचा राहिलेला नवस मी पुष्कळ ऐकला होता. उलटा फिरवायचा नवस प्रथमच ऐकत होतो.

*

नव्या मिश्रणाची शेवटची पुरी तपासायची होती. ती फुगली असती, तर सुजाताचा पीएच.डी.चा विषयच मोडीत निघणार होता. मीही उभा होतो. तेवढाच मारा खाल्लेल्या साध्या पोलादात सूक्ष्मदर्शकाखाली पोकळ्यांची जाळी दिसली. नव्यात काहीच नाही.

"बाजू?" सगळे एकदम ओरडले.

तिने दोनदा बघितली. बाजू बरोबर होती!

तिने आईला फोन लावला, स्पीकरवर. "आई, नाही फुगली!"

"ठावं हाय मला," पलीकडून आवाज आला. "सकाळधरनं देवीच्या निवदाला पुऱ्यांचे घाणे काढतीया. जल्मात पयल्यांदा, माजी बी एक न्हाई फुगली!"