'वाढवा' दाबल्यावर

अब्बा गेले त्या वर्षी मला काहीच वाटत नव्हतं. लोक म्हणायचे, पोरगी मोठी धीराची. धीरबीर काही नव्हता. जेवणाला चव नव्हती आणि त्याबद्दल तक्रारही नव्हती, एवढंच. भोरच्या बाजारपेठेत आमचं बांगड्यांचं दुकान. अब्बांनी जन्मभर तिथं बायकांच्या हातात बांगड्या भरल्या, आणि जत्रांच्या दिवसांत पेटी घेऊन एसटीनं पार वेल्ह्यापर्यंत जायचे. त्यांच्यानंतर दुकानात मी बसायला लागले, कारण बसायला दुसरं कुणी नव्हतं.

बांगडी भरणं हे हाताचं काम. समोरच्या बाईला बोलण्यात गुंतवायचं, तिचा पंजा हळूच दाबायचा आणि तिला कळायच्या आत बांगडी मनगटावर सरकवायची. माझ्या हातून चार भरताना दोन वाढायच्या. वाढायच्या म्हणजे फुटायच्या. पण बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही. बांगडी वाढते, नारळ वाढवतात, आणि संध्याकाळी दुकानही वाढवायचं असतं. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही, अब्बांची सक्त ताकीद. अम्मीचा हात माझ्यापेक्षा कितीतरी हलका, पण लग्नघरच्या बायका आता तिच्यापुढं हात करीनात. तोंडावर कुणी काही बोललं नाही. "औंदा पुन्यावरनंच आनल्या बगा," एवढंच म्हणून पुढं जायच्या.

भाई पुण्याला नोकरीला होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा, "दुकानाचं काय ठरलं?" जागा भाड्याची होती आणि मालक विचारायला लागला होता. मी म्हणायचे, अम्मीला विचार. अम्मी म्हणायची, "बगू की." दुकान राहणार नाही हे आम्हा दोघींना ठाऊक होतं, पण ते बोलायचं कुणी? म्हणून आम्ही रोज सकाळी ते उघडत होतो.

भाईनं त्याच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आणून दिला होता, हिशेबाला म्हणून. हिशेब करण्यासारखं काही नव्हतंच. फोनच्या तारेतून इंटरनेट यायचं, मनात आलं तर. तिथंच मला ती मंडळी सापडली. लिहिण्याचा एक फुकटचा प्रोग्राम होता आणि जगभरातले लोक तो आपापल्या भाषेत आणत होते, बिनपैशाचे. पद्धत अशी, की आपलं काम दुसऱ्यानं तपासायचं, दुसऱ्याचं आपण; आणि ज्याला जे जमलं ते त्यानं पुढच्याला शिकवायचं. तिथं साहेब कुणी नव्हता.

मला ते काम आवडलं म्हणणं खोटं होईल. पण सोसलं. डावीकडं इंग्रजी शब्द, उजवीकडं आपण मराठी लिहायचा, की पुढचा. अमेरिकेत राहणारे एक मुंबईकर इंजिनिअर आमचं मराठी तपासायचे. 'दऱ्या'मधला तो अर्धा र कसा उमटवायचा हे त्यांनी मला शिकवलं. पुढं एक नेपाळी माणूस त्याच 'र'पाशी अडला, त्याला मी शिकवलं. त्यानं भलंमोठं आभाराचं पत्र धाडलं. मी ते एसटीच्या पाटीसारखं वाचलं आणि पुढच्या शब्दाला लागले. आयर्लंडमधल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांच्या गावाच्या जुन्या भाषेचं काम करायच्या. नव्या माणसाला त्या एकच सांगायच्या: आधी तुमच्या घरी काय म्हणतात ते लिहा, मग बाकीचे भांडू देत.

मी घरी म्हणतात तेच लिहिलं.

एका दुपारी इंजिनिअरांचा मेल आला, सगळ्यांना जाईल असा. "अहो ताई, अक्षर बारीक दिसतंय म्हणून मोठं करायला 'वाढवा' दाबलं, तर अख्खं पानच गायब! तुमच्या भोरात गंगा उलटी वाहते का?" मी उघडून पाहिलं. जिथं जिथं 'क्लोज' होतं तिथं तिथं मी 'वाढवा' लिहून ठेवलं होतं. पान वाढवा, खिडकी वाढवा, सगळं वाढवा. लिहिताना जरासुद्धा खटकलं नव्हतं.

मराठी मंडळी पोट धरधरून हसली. मला राग आला. कितीतरी महिन्यांनी काहीतरी आलं, तेही रागच. मी लिहिलं, "नारळ वाढवा म्हटल्यावर तुम्ही काय नारळाला पाणी घालत बसता?" त्यावर त्यांनी लगेच हात टेकले. "हरलो ताई. पण 'बंद करा'च ठेवू या, नाहीतर लोक आपल्याला शिव्या घालतील." बरोबरच होतं त्यांचं. मी एकेक 'वाढवा' काढून 'बंद करा' लिहायला बसले.

हा कसला गोंधळ म्हणून शिक्षिकाबाईंनी विचारलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी समजावलं, की आमच्याकडं दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. म्हणजे उद्या ते पुन्हा उघडावं. त्यांना हे फार आवडलं. त्यांनी उलट विचारलं, "मग जे पुन्हा उघडणारच नाही, त्याला तुमच्या घरी काय म्हणतात?"

त्यांना काय माहीत, मी कुठं बसून वाचतेय ते. मी समोर पाहिलं. काचेमागं बांगड्यांचे डबे लावलेले, त्यांवर धूळ. मग मी लिहिलं, "काहीच म्हणत नाही," आणि पाठवून दिलं.

दिवेलागणीला अम्मी नेहमीसारखी मागच्या दारानं आली. फडक्यानं काच पुसली आणि नेहमीसारखंच म्हणाली, "चल पोरी, वाढवू या दुकान."

मी म्हटलं, "अम्मी, बंद करू या."

तिच्या हातातलं फडकं थांबलं. मला वाटलं, आता ओरडेल, अब्बांचं नाव घेईल. ती अब्बांच्या पाटावर बसली. तिथं ती कधी बसत नसे.

"कायमचं?" तिनं विचारलं.

"कायमचं."

"व्हय," ती म्हणाली. "लई दिस झालं, कोन म्हनतंय त्याची वाट बगत व्हते म्या. माज्या तोंडातनं न्हाई निगायचं ते."

मग ती रडायला लागली. अब्बा गेले तेव्हा माणसांच्या गर्दीत ती अशी रडली नव्हती. मला त्या संध्याकाळीही रडू आलं नाही. काय करावं कळेना म्हणून मी तिचा हात धरला. अब्बांना जन्मभर जसा दाबताना पाहिलं होतं, तसाच तिचा पंजा नकळत दाबला गेला. तो इतका वाळला होता, की दुकानातलं सगळ्यांत लहान मापही त्याला सैल झालं असतं, आणि रोज तिच्या शेजारी जेवायला बसूनही मी ते पाहिलं नव्हतं.